अडुळसा : औषध म्हटले की मात्रा आली

पावसाळा ओसरून थंडीला सुरुवात झाली की शाळेच्या वर्गांतून खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. मधल्या सुट्टीत दोन-चार मुलांच्या दप्तरांतून औषधाच्या लहान बाटल्या निघतात. त्यांतील काहींवर हिरव्या पानाचे चित्र आणि 'अडुळसा' हा शब्द असतो. ज्यांच्या परसात किंवा शेताच्या बांधावर अडुळशाचे झुडूप आहे त्यांना बाटलीही लागत नाही. घरातले वडीलधारे माणूस पाने खुडून आणते आणि काढा उकळते. या दोन्ही घरांत एक समजूत मात्र सारखीच असते. झाडपाल्याचे औषध आहे. गुण आला तर उत्तम, नाही आला तरी अपाय काही होणार नाही!

ही समजूत जरा तपासून पाहण्यासारखी आहे. जो पदार्थ शरीरात काहीच करत नाही तो अपाय करणार नाही हे खरे, पण मग तो गुण तरी कसा देईल? आणि जो पदार्थ शरीरात खरोखर काही घडवून आणतो, तो नको त्या ठिकाणी, नको त्या माणसात किंवा नको तितक्या प्रमाणात गेला तर नको तेही घडवील. औषध गोळीतून आले की पानातून, याने या हिशेबात फरक पडत नाही. अडुळसा हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण त्याचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्याच्या गुणांबरोबर त्याच्या मर्यादाही बऱ्याच स्पष्ट झाल्या आहेत.

झुडुपाची ओळख

अडुळसा हे एक ते तीन मीटर उंचीचे सदाहरित झुडूप. अबोली आणि कोरांटी ज्या कुळातल्या, त्याच ॲकँथेसी कुळात त्याचा समावेश होतो. पाने साधी, समोरासमोर जोडीने येणारी, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती आणि चांगली वीतभर लांब होऊ शकणारी. फुले पांढरी, दोन ओठांची. खालच्या ओठावर गुलाबी-जांभळ्या रेषा असतात. फुलात पुंकेसर दोनच. फुलाचा जबडा उघडल्यासारखा आकार पाहिला की संस्कृतात याला 'सिंहास्य', म्हणजे सिंहाचे तोंड, असे नाव का पडले ते कळते. वासा, वासक, वृष, आटरूषक ही त्याची आणखी काही संस्कृत नावे.

लिनिअसने १७५३ मध्ये या वनस्पतीला 'जस्टिसिया अधाटोडा' असे शास्त्रीय नाव दिले. पुढे ती बराच काळ 'अधाटोडा व्हॅसिका' या नावाने ओळखली गेली, आणि जुन्या पुस्तकांत हेच नाव आढळेल. आता पुन्हा लिनिअसचे नाव प्रचारात आहे. यातला 'अधाटोडा' हा शब्द दक्षिणेकडचा. तमिळ भाषेत 'आडु' म्हणजे शेळी, आणि शेळी ज्याला तोंड लावत नाही ते झाड असा त्या नावाचा अर्थ सांगतात.

हे नाव आपल्याला बरेच काही शिकवून जाते. शेळी सहसा कोणताही पाला सोडत नाही. ती ज्याच्याकडे पाठ फिरवते त्या पाल्यात काहीतरी विशेष असले पाहिजे. शेतकऱ्यांनी हे फार पूर्वीच हेरले होते. म्हणूनच अडुळशाचे कुंपण करतात. गुरे ते खात नाहीत. कीड लागू नये म्हणून साठवणीतल्या फळांभोवती त्याची पाने ठेवण्याची आणि भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून ती गाडण्याचीही पद्धत आहे. ज्या गुणामुळे हे झुडूप औषधी ठरले, त्याच गुणामुळे ते शेळीला कडू आणि किडीला घातक ठरले आहे. झाड औषध बनवते ते आपल्यासाठी नव्हे. पाने खाणाऱ्यांपासून बचाव करण्यासाठी ते रसायने बनवते. आपण त्यांतली काही आपल्या कामाला लावतो, एवढेच.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गुजरातीत अडुळशाला 'अरडूसी' म्हणतात आणि महारुख या मोठ्या वृक्षाला 'अरडूसो'. नावांतल्या या सारखेपणामुळे अडुळशाच्या नावाखाली महारुखाची पाने विकली गेल्याची नोंद औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांनी केली आहे. ताज्या पानांत हा घोटाळा ओळखणे सोपे आहे. महारुखाचे पान संयुक्त असते, अनेक पर्णिका एका देठावर असतात आणि त्यांच्या कडा दातेरी असतात. अडुळशाचे पान एकेकटे आणि जवळजवळ सरळ कडेचे. पण पाने वाळवून चुरा केली की नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. औषध सुरक्षित आहे की नाही, या प्रश्नाआधी 'हे तेच औषध आहे का?' हा प्रश्न येतो तो असा.

पानात काय असते?

डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने १८८८ मध्ये अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केले. वनस्पतींत तयार होणाऱ्या, नायट्रोजनयुक्त आणि बहुधा कडू अशा संयुगांना अल्कलॉइडे म्हणतात. सिंकोनातील क्विनीन, चहा-कॉफीतील कॅफीन, तंबाखूतील निकोटीन ही सारी या गटातली. अडुळशातील अल्कलॉइडाला वासा या नावावरून 'व्हॅसिसीन' हे नाव मिळाले. त्याच्या रेणूत कार्बनचे ११, हायड्रोजनचे १२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. हवेतील ऑक्सिजनशी क्रिया होऊन त्यातील काही भागाचे 'व्हॅसिसिनोन' या दुसऱ्या अल्कलॉइडात रूपांतर होते. श्वासनलिका सैल करण्याचा गुण व्हॅसिसिनोनमध्ये आहे, असे १९५९ मध्ये अमीन आणि मेहता यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले.

वाळलेल्या पानांत व्हॅसिसीनचे प्रमाण साधारणपणे अर्धा ते दोन टक्के आढळते. ते झुडपाच्या वयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बदलते. हे आकडे लहान वाटतात, म्हणून एक साधे गणित करून पाहू. दहा ग्रॅम वाळलेली पाने घेतली. प्रमाण अर्धा टक्का असेल तर त्यांत ५० मिलिग्रॅम व्हॅसिसीन असेल. दोन टक्के असेल तर २०० मिलिग्रॅम. म्हणजे तीच मूठभर पाने, तेच भांडे, तेवढेच पाणी, आणि मात्रेत मात्र चौपट फरक! डॉक्टरांनी लिहून दिलेली एक गोळी घ्यायची की चार, असे विचारले तर आपण लगेच सावध होऊ. काढ्याच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला दिसतच नाही, कारण तो पानाच्या आत दडलेला असतो.

खोकला आणि कफ

अडुळसा नेमके काय करतो हे समजण्यासाठी आधी खोकला समजून घ्यावा लागेल. आपल्या श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, परागकण, जिवाणू या चिकट थरात अडकतात. अस्तराच्या पेशींवर अतिसूक्ष्म रोम असतात. हे रोम सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका लयीत हलतात आणि वरचा थर घशाच्या दिशेने सरकवत नेतात. हा सरकता पट्टा रात्रंदिवस चालू असतो. घशापर्यंत आलेला श्लेष्मा आपण नकळत गिळून टाकतो.

सर्दी-पडशात किंवा श्वासनलिकांच्या दाहात श्लेष्मा जास्त तयार होतो आणि घट्टही होतो. सुजलेल्या अस्तरावरील रोमांना तो ढकलवत नाही. मग शरीर दुसरा उपाय योजते. फुफ्फुसातील हवा कोंडून ती एकदम जोराने बाहेर सोडली जाते आणि तिच्याबरोबर कफ सुटतो. हाच खोकला. तेव्हा खोकला हा बहुतेक वेळा रोग नसून साफसफाईचे काम आहे. ते सोपे करावे की थांबवावे, हे खोकल्याच्या प्रकारावर ठरते.

अडुळसा पहिल्या प्रकारच्या मदतीला येतो. कफ पातळ होऊन सुटण्यास त्याची मदत होते, म्हणून त्याला कफोत्सारक म्हणतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू थोडे सैल करण्याचा गुणही प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे. कोलकात्यात रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी घोष यांनी १९२५ मध्ये या वनस्पतीच्या औषधी क्रियेवर निरीक्षणे प्रसिद्ध केली. तिथपासून आपल्या देशातील अनेक प्रयोगशाळांनी हा विषय हाताळला. हे काम पाहता परंपरेने अडुळशाची निवड उगाच केलेली नव्हती, असे म्हणता येते. कोरड्या, घसा खवखवणाऱ्या खोकल्यात जिथे सोडवायला कफच नाही, तिथे मात्र कफ सुटे करणाऱ्या औषधाला फारसे काम उरत नाही.

म्हणूनच बाटली घेताना तीवरील घटकांची यादी वाचावी. कफ सुटा करणारे औषध आणि खोकल्याची ढास दाबणारे औषध एकाच बाटलीत असेल, तर एकाने सोडवलेला कफ दुसऱ्याने आतच अडवून धरायचा, असा प्रकार होतो.

पानापासून गोळीपर्यंत

व्हॅसिसीनच्या रेणूची घडण लक्षात आल्यावर रसायनतज्ज्ञांनी तिच्या धर्तीवर प्रयोगशाळेत नवे रेणू बनवून पाहिले. जर्मनीत अशा प्रयत्नांतून 'ब्रोमहेक्झीन' हे औषध तयार झाले आणि १९६३ मध्ये ते बाजारात आले. ब्रोमहेक्झीन शरीरात गेल्यावर त्यापासून 'अँब्रॉक्सॉल' हा पदार्थ तयार होतो, असे आढळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तोही स्वतंत्र औषध म्हणून आला. आज जगभर कफ पातळ करण्यासाठी ही दोन्ही औषधे दिली जातात. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांवर त्यांची नावे दिसतील. आपल्या बांधावरच्या झुडपाशी त्यांचे नाते आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना इथे रेणुभार काढायला सांगता येईल. व्हॅसिसीनचा रेणुभार १८८ येतो. ब्रोमहेक्झीनमध्ये कार्बनचे १४, हायड्रोजनचे २०, नायट्रोजनचे २ आणि ब्रोमीनचे २ अणू असतात. त्याचा रेणुभार ३७६, म्हणजे योगायोगाने बरोबर दुप्पट येतो. ब्रोमीनचे ते दोन अणू झाडातले नव्हेत, ती माणसाची भर आहे. म्हणजे ब्रोमहेक्झीन हा 'अडुळशाचा अर्क' नव्हे. झाडाने दिलेल्या कल्पनेवरून माणसाने घडवलेला तो वेगळा पदार्थ आहे.

या प्रवासात नेमके काय मिळाले? एक म्हणजे ठरलेली मात्रा. प्रत्येक गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे हे सांगता येते आणि तपासता येते. दुसरे म्हणजे नोंद. औषध लाखो लोकांनी घेतल्यावर जे दुष्परिणाम दिसतात त्यांची नोंद होत राहते. ब्रोमहेक्झीन आणि अँब्रॉक्सॉल यांच्यामुळे क्वचित तीव्र ॲलर्जी आणि त्वचेचे गंभीर विकार होऊ शकतात, असे दिसल्यावर युरोपमधील औषध नियंत्रकांनी २०१५ मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घालायला लावली. औषध वापरात येऊन तोवर पन्नास वर्षे उलटली होती. दुष्परिणामाची नोंद असणे हा त्या औषधाचा कमीपणा नव्हे. त्यावर लक्ष ठेवले जात असल्याची ती खूण आहे. घरगुती काढ्याने कोणाला अंगावर पुरळ उठले, तर त्याची नोंद कोण आणि कुठे करणार?

पुरावा किती भक्कम?

अडुळशाविषयी 'शास्त्राने सिद्ध झाले आहे' असे वाक्य जाहिरातींत आढळते. ते वाचले की आपण तीन प्रश्न विचारावेत : कशावर सिद्ध झाले? कोणत्या मात्रेत? कशाशी तुलना करून?

पहिल्या प्रश्नाचे एक उदाहरण घेऊ. ब्रोमहेक्झीन आणि अँब्रॉक्सॉल यांच्यामुळे क्षयाच्या जंतूंची वाढ रोखली जाते, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पण ते काचपात्रातले निरीक्षण होते. काचपात्रात जंतू मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत मोठे अंतर असते. दिल्लीच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ जीनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी' या संस्थेतील संशोधकांनी अडुळशाच्या अर्काचे उंदरांवर प्रयोग केले आणि तीव्र दम्यासारख्या स्थितीत त्याने दाह कमी होतो, असे २०२० मध्ये मांडले. हे काम महत्त्वाचे आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रयोगातला मोजून दिलेला अर्क म्हणजे घरचा काढा नव्हे.

माणसांवरच्या चाचण्याही झाल्या आहेत. त्यांतली एक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अडुळसा आणि आणखी दोन वनस्पतींचे मिश्रण, ब्रोमहेक्झीन आणि औषध नसलेला दिखाऊ द्राव यांची तुलना केली होती. मिश्रणाने खोकला लवकर आटोक्यात आला. पण तीन वनस्पती एकत्र असल्यावर गुण कोणाचा हे कसे ठरवायचे? प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण मुलांना शिकवतो ते याचसाठी. शिवाय साधी सर्दी आणि तिच्यामागून येणारा खोकला काही न घेताही बहुधा दोन-तीन आठवड्यांत जातो. त्यामुळे 'मी काढा घेतला आणि बरा झालो' या अनुभवातून काढ्याचा वाटा किती, हे तुलनेशिवाय सांगता येत नाही.

एकंदरीत असे म्हणता येईल : कफ असलेल्या साध्या खोकल्यात अडुळशाने आराम पडणे शक्य आहे आणि त्यामागची कारणेही समजण्यासारखी आहेत. त्यापलीकडचे दावे आज पुराव्याच्या पुढे धावणारे आहेत.

कोणी टाळावा?

अडुळशाच्या सुरक्षिततेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्वसनमार्गाबाहेरची आहे. जम्मूच्या विभागीय संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात व्हॅसिसीनवर सखोल अभ्यास झाला. त्यात आढळले की व्हॅसिसीनमुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. प्रसूतीच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनसारखीच ही क्रिया होती. काही जातींच्या प्राण्यांत त्याने गर्भपातही झाला. या संशोधनाचा आढावा १९८० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा व्हॅसिसीनचे वर्णन गर्भाशय आकुंचित करणारे नवे द्रव्य असेच करण्यात आले. काही भागांत सुईणी प्रसूती लवकर व्हावी म्हणून अडुळशाचा उपयोग करत असत, हेही यावरून समजते.

पानांचा अर्क तोंडावाटे दिल्यास काय होते, याविषयीच्या प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत गर्भपात झाला, काहींत नाही. पण अशा वेळी शंकेचा फायदा औषधाला न देता गर्भवतीला द्यायचा असतो. म्हणून गरोदर स्त्रीने अडुळशाचा काढा, रस किंवा अडुळसा असलेले खोकल्याचे औषध डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणात खोकला झाला की 'इंग्रजी औषध नको, बाळाला बाधेल, त्यापेक्षा काढा घे' असा सल्ला घरोघर मिळतो. अडुळशाच्या बाबतीत हा सल्ला उलटा पडू शकतो. या लेखातील एकच गोष्ट घरी सांगायची झाली, तर ती हीच सांगावी.

दुसरी काळजी लहान मुलांची. खोकला-सर्दीची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही सर्वसाधारणपणे ती देणे योग्य नाही, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली. काढ्यात किंवा चाटणात मध घालतात. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

तिसरी काळजी अडुळशाची नसून त्याच्या सोबत्यांची आहे. गोड पाकात भरपूर साखर असते, हे मधुमेह्यांनी ध्यानात घ्यावे. वासारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेने तयार झालेले अल्कोहोल असते. आणि पातळ औषधांचा द्रावकच दूषित असेल तर अनर्थ ओढवतो. गांबिया या आफ्रिकी देशात २०२२ मध्ये सुमारे ७० मुले आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात २०२५ मध्ये वीसहून अधिक मुले दगावली, ती खोकल्याच्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडांना घातक रसायन मिसळले गेल्यामुळे. ही औषधे अडुळशाची नव्हती. पण बाटलीत काय आहे हे केवळ वेष्टनावरच्या चित्रावरून ठरत नाही, हा धडा सर्व बाटल्यांना लागू आहे. आयुर्वेदिक ग्रंथांत सांगितलेली औषधे त्याच पाठानुसार आणि त्याच उपयोगासाठी बनवायची असतील, तर आपल्या नियमांप्रमाणे परवान्यासाठी नव्याने चाचण्या कराव्या लागत नाहीत. तेव्हा परवाना क्रमांक आहे म्हणजे त्या बाटलीची रुग्णांवर चाचणी झाली आहे, असा अर्थ काढू नये.

खोकला कशाचा, हा पहिला प्रश्न

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे वळू. हा धोका अडुळसा घेण्यात नाही, तर अडुळसा घेत घरी बसून राहण्यात आहे.

जुन्या वैद्यकात रक्तपित्त, क्षय आणि कास या तिन्ही विकारांशी वासाचे नाव जोडलेले आहे. क्षयाचा जंतू कोणता हे रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवून दिले, आणि त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ मध्ये सापडले. त्यापूर्वी क्षयाच्या रोग्याला वैद्य जे देऊ शकत होते त्यांत अडुळसा हा समजूतदार उपाय होता; कफ सुटून त्याला थोडा आराम पडत असेल. आज मात्र क्षय बरा करणारी औषधे आहेत आणि सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळतात. अशा वेळी काढ्याने मिळणारा थोडासा आराम घातक ठरू शकतो, कारण तो तपासणी लांबवतो. दरम्यान फुफ्फुसे खराब होत राहतात आणि घरातल्या, वर्गातल्या इतरांना लागण होत राहते.

म्हणून काही खुणा शिक्षकांनी आणि मोठ्या विद्यार्थ्यांनी पाठ करून ठेवाव्यात. खोकला दोन आठवडे किंवा अधिक टिकला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटू लागले किंवा थुंकीतून रक्त पडले, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. श्वास घेताना सूं-सूं आवाज होत असेल, रात्री धाप लागून जाग येत असेल, तर तो दमा असू शकतो. दम्यात श्वासनलिकांचा दाह आवरणारी, श्वासातून घ्यायची औषधे लागतात. दम्याचा झटका आलेल्याला काढा उकळेपर्यंत थांबवून ठेवू नये. लहान मुलाला खोकल्याबरोबर जलद श्वास लागला असेल तर तो न्यूमोनिया असण्याची शक्यता असते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. असे आढळले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. श्वास मोजायला फक्त सेकंदकाटा असलेले घड्याळ लागते. दहावीतला विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतो.

वर्गात काय करता येईल?

हा विषय वर्गात घेताना आम्ही तीन उपक्रम सुचवतो. चव घेण्याचा उपक्रम मात्र त्यांत असू नये.

पहिला उपक्रम ओळखीचा. अडुळशाची फांदी आणि महारुखाचे एक पान आणून शेजारी ठेवावे. साधे पान आणि संयुक्त पान, पानांची मांडणी, कडा, फुलातील पुंकेसरांची संख्या यांची नोंद करावी. मग दोन्ही पाने वाळवून चुरून पुन्हा ओळखायला सांगावे. नुसत्या डोळ्यांनी ते का जमत नाही, यावर चर्चा होऊ द्यावी.

दुसरा उपक्रम सूक्ष्मदर्शकाचा. अडुळशाच्या पानाच्या खालच्या बाजूचा पातळ पापुद्रा काढून पाण्याच्या थेंबात पाहावा. पर्णरंध्राच्या रक्षक पेशींभोवती दोन सहायक पेशी दिसतील आणि त्या दोघींमधली भिंत रंध्राच्या लांबीला काटकोनात असेल. पानाचा चुरा खरा की खोटा, हे औषधनिर्माणशास्त्रात अशाच खुणांवरून तपासतात.

तिसरा उपक्रम वाचनाचा. मुलांनी घरातील खोकल्याच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या किंवा वेष्टने आणावीत. प्रत्येकीवरील घटक, त्यांचे प्रमाण, मात्रा, मुदत संपण्याची तारीख आणि कोणी घेऊ नये याची सूचना यांचा तक्ता फळ्यावर करावा. किती बाटल्यांवर गरोदर स्त्रियांसाठी सूचना आहे, ते मोजावे. कफ सुटा करणारी आणि खोकला दाबणारी द्रव्ये एकत्र आहेत का, तेही पाहावे. या तक्त्यातून निघणारे प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा अधिक जिवंत असतील.

अडुळशाचे झुडूप शाळेच्या कुंपणाला जरूर लावावे. त्याला फारशी निगा लागत नाही आणि शेळ्याही त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याच्याजवळ पाटी लावायची असेल, तर नाव आणि कुळ यांच्याखाली 'खोकल्यावर औषधी' एवढेच लिहून थांबू नये. 'गरोदर स्त्रियांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला तपासून घ्यावा' ही ओळही त्या पाटीवर असावी.